धुतलेल्या गाडीच्या चाकामागून दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल ओघळ का येतो?

गाडी चकाचक धुऊन, पुसून उभी करावी आणि सकाळी पुढच्या चाकामागे फरशीवर तांबडा ओघळ दिसावा, हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. पुन्हा धुतली तरी चार दिवसांनी तेच. दोष रस्त्याला दिला जातो, पण तो चिखल त्या दिवशीचा नसतोच. मडगार्डच्या पत्र्याची कड जिथे आत दुमडलेली असते तिथे आणि आतल्या प्लास्टिकच्या लायनरमागे तो आधीपासून गिलाव्यासारखा बसलेला असतो. बाहेरून पाणी मारलं की तो नुसता ओला होतो आणि रात्रभर गळत राहतो. वॉशिंग सेंटरवर दोन मिनिटांत मारलेला फवारा टायर आणि लायनरचा दर्शनी भाग साफ करतो, दुमडीपर्यंत पोचत नाही.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या कामापासून सुरू होतात आणि चाक काढण्यापर्यंत जातात. बऱ्याच गाड्यांचं काम पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच संपतं.

लक्षणं

धुतल्यानंतर काही तासांनी पुढच्या मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे दाराच्या बिजागरीच्या खाली, तांबडं किंवा काळपट पाणी ओघळतं. हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला पुढच्यापैकी एखादं दिसतं:

- कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून ताशी ६०-७०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आधी थरथरत नव्हतं.
- खड्ड्यात गाडी आपटली की मडगार्डच्या आत खडे पडल्यासारखा आवाज येतो.
- स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला काहीतरी घासल्याचा 'खर्रर्र' आवाज येतो.
- डाव्या किंवा उजव्या पायाखालचं कार्पेट ओलं राहतं, गाडीत कुबट वास येतो.
- चाकावरच्या कडेला रंगाखाली फुगे आलेत.

थरथर असेल तर दुसरी तपासणी आधी करा. कार्पेट ओलं असेल तर चौथी. रंगाला फुगे असतील तर सगळंच करा, पण सातवीपर्यंत पोचल्याशिवाय त्यावर काही फासू नका.

काम सुरू करण्याआधी

गाडी चालवून आणल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. ब्रेकची डिस्क तापलेली असते, तिच्यावर गार पाणी पडलं तर ती एकदम आणि असमान आकसते. चाकाला हात लावून कळत नाही. डिस्कजवळ तळहात धरा, धग लागत नसेल तर पुढे जा.

डोळ्यांना चष्मा हवाच. मडगार्डच्या आत मान वाकवून वर बघितलं की पहिलं ढेकूळ डोळ्यातच येतं. हातात जाडसर रबरी मोजे घाला, कारण आतली दुमड काही ठिकाणी पात्यासारखी धारदार असते.

साहित्य फार लागत नाही: दोन बादल्या, पाण्याचा पाइप, कुंड्यांना पाणी मारायचा दीड-दोन लिटरचा हातफवारा, बाटली घासायचा लांब ब्रश, जुना टूथब्रश, मोबाइलचा टॉर्च, गाडीचा शॅम्पू आणि मळ काढायचं साधं ऑल पर्पज क्लीनर. चाक काढायची वेळ आली तर काय लागतं ते तिथेच सांगितलं आहे.

१. हात फिरवून बघा

इंजिन बंद, गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला. पुढचं चाक बघायचं असेल तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते. आता मडगार्डच्या कडेला घड्याळाची तबकडी समजा. वरचा मध्य १२, गाडीची मागची बाजू ३ धरली, तर ९ पासून १२ वरून थेट ४ पर्यंत बोटं आतल्या दुमडीवरून फिरवा. डोळ्यांना ही जागा दिसत नाही, बोटांनाच कळते.

कोरडी, गुळगुळीत कड लागली तर उत्तम. वाळूसारखं खरखरीत लागलं तर धुऊन भागेल. बोट चिखलात रुतलं किंवा दुमड भरून सपाट झालेली लागली, तर तिथे महिनोन् महिन्यांचा थर आहे. पुढच्या चाकांचा ३ ते ४ चा कोपरा सगळ्यात जास्त भरतो. टायर चिखल मागे आणि वर फेकतो, तो लायनरवर आपटून खाली घसरतो आणि मडगार्ड जिथे दाराखालच्या रनिंग बोर्डाला बोल्टने जोडलेला असतो त्या खोबणीत साठतो.

हा थर नुसता घाण नाही. ओला चिखल पत्र्याला लावलेल्या पोटिसासारखं काम करतो. बाहेरचा पत्रा तासाभरात सुकतो, त्याखालचा दिवसेंदिवस ओला राहतो. किनाऱ्याजवळ आणखी एक भानगड आहे. मीठ सुमारे ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते, त्यामुळे खारट चिखल छपराखाली उभ्या गाडीतही सुकत नाही. समुद्राच्या वाळूवर गाडी घातली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आतून धुणं हाच उपाय. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

२. रिमची आतली बाजू

टॉर्च घेऊन चाकाच्या मागच्या बाजूने रिमच्या आत बघा. अलॉय असो वा लोखंडी, आतल्या खळगीत चिखलाचं ढेकूळ चिकटलेलं असतं. स्टिअरिंग थरथरण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे, आणि त्यापायी लोक उगाच अलाइनमेंट करून येतात.

किती फरक पडतो? रिमला आत ५० ग्रॅमचं ढेकूळ चिकटलं असेल तर साधारण हॅचबॅकच्या चाकात ताशी ८० किलोमीटरला ते सुमारे ५ किलो वजनाइतका हिसका देतं, आणि तोही सेकंदाला जवळजवळ १२ वेळा. वेग अर्धा केला की हिसका चौथाईवर येतो, म्हणून गावात काही जाणवत नाही आणि हायवेवर लागलं की हात थरथरतात. चाक बॅलन्स करताना लावतात ती वजनं ५-१० ग्रॅमच्या पटीत असतात, यावरून अंदाज घ्या.

ढेकूळ लाकडी पट्टीने किंवा हाताने काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की अलॉयवर ओरखडे उठतात, वर बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं निघून येतात. मग थरथर खरोखरची होते. चारही चाकं साफ करूनही थरथर राहिली तर टायरवाल्याकडे जाऊन बॅलन्सिंग करून घ्या. तिथेही फरक पडला नाही तर वाकलेली रिम, फुगलेला टायर किंवा सस्पेन्शनचं काम असू शकतं, आणि ते मेकॅनिकचं आहे.

३. भिजवा, थांबा, मग धुवा

घाई इथेच नडते. सुकलेला चिखल पाण्याच्या जोराने फुटत नाही, मुरल्यावर सुटतो. देशावरची काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, सुकली की विटेसारखी कडक होते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागून गाडी चालवली की तीच शेतातली माती डांबरी रस्त्यावरून थेट मडगार्डमध्ये येते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती त्यामानाने लवकर सुटते, पण बारीक असल्याने कापडी लायनरच्या तंतूत शिरते आणि रंग सोडून जाते.

क्रम असा ठेवा. आधी चाकं आणि मडगार्डच्या आतली जागा, मग बाकी गाडी. उलट केलं तर धुतलेल्या दारांवर पुन्हा चिखल उडतो. एका वेळी एकच चाक घ्या.

पहिल्यांदा पाइपने वरून खाली भरपूर पाणी सोडा, १२ च्या जागेपासून सुरुवात करून. दहा मिनिटं थांबा. पुन्हा सोडा. थर जाड असेल तर तिसऱ्यांदा. मग ऑल पर्पज क्लीनर पाण्यात १ ला १० या प्रमाणात मिसळून, म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण १०० मिली, हातफवाऱ्याने मारा. तेलकट काजळी असेल तर १ ला ४ पर्यंत चालतं, त्याहून घट्ट करू नका. एका चाकाला पाव ते अर्धा लिटर मिश्रण पुरतं. तीन-चार मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका. सुकलं तर पांढरे डाग उठतात, म्हणून उन्हात हे काम करायचं नाही. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घ्या.

बाटलीचा ब्रश दुमडीत घालून ३ च्या कोपऱ्याकडून १२ कडे, मग पुढच्या बाजूला असा घासा. टूथब्रश क्लिपांभोवती. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत कापडी, नमद्यासारखं लायनर असतं. त्याला मऊ ब्रश एकाच दिशेने लावा, उलटसुलट घासलं की तंतू उभे राहून पुढच्या वेळी दुप्पट माती धरतात. शेवटी पाणी खालून निवळ येईपर्यंत सोडत राहा. निवळ म्हणजे निवळ. पाणी गढूळ असताना थांबलात तर उद्याचा ओघळ ठरलेला.

घरगुती प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा पसरणारा नोझल लावा आणि पत्र्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब धरा. बारीक धारेचा नोझल इथे नकोच. ड्राइव्ह शाफ्टवरचा (इंजिनाचा जोर चाकाला पोचवणाऱ्या दांड्यावरचा) रबरी बूट, शॉकअपवरचं रबर, एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि तिचा जोड, ब्रेकचा लवचीक पाइप यांवर सरळ धार मारली की पाणी आत शिरतं किंवा रबर फाटतं. बॅटरीवरच्या गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली तर तिच्या आसपास धार नेऊच नका.

डांबराचे ठिपके शॅम्पूने जात नाहीत. डांबर काढायचं द्रावण फडक्यावर घेऊन मिनिटभर दाबून धरा, मग पुसा आणि शॅम्पूने धुवा. रॉकेल चालतं का, हा प्रश्न नेहमी येतो. लायनरवर थोडं चालतं, टायर आणि रबरी भागांवर नाही.

आणि ते डिझेल! अंडरबॉडीला डिझेल किंवा जुनं ऑइल मारून 'पत्रा गंजत नाही' असं सांगणारे अजून भेटतात. तेलकट पत्र्यावर धूळ दुप्पट बसते, सस्पेन्शनची रबरी बुशं फुगून सैल होतात, आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंब गेला तर ब्रेक घसरतो. नाही म्हणा.

धुऊन झाल्यावर गाडी दोनशे-तीनशे मीटर हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबा, पॅड सुकतात. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली तर मागचे ब्रेक चिकटू शकतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावा. सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसेल, घाबरू नका. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो.

४. पाणी जायच्या वाटा

बॉनेट उघडा. काचेच्या खाली वायपरच्या जवळ प्लास्टिकची जाळी असते, पावसाचं पाणी तिथे गोळा होऊन दोन्ही बाजूंच्या भोकांतून किंवा नळ्यांतून खाली उतरतं. अनेक गाड्यांत ही वाट पुढच्या मडगार्डच्या आत, लायनरमागे उघडते. झाडाखाली गाडी उभी असेल तर गुलमोहोराच्या पाकळ्या, कडुनिंबाची पानं, सोनमोहोराचा चुरा तिथे कुजून गाळ होतो. मग एकतर पाणी केबिनमध्ये शिरतं आणि कार्पेट ओलं होतं, किंवा तो गाळ खाली लायनरमागे उतरून आपल्या ओघळात भर घालतो.

तपासणी सोपी: जाळीवर दोन्ही बाजूंना एकेक लिटर पाणी हळू ओता आणि खाली बघा. अर्ध्या मिनिटात चाकामागून पाणी उतरायला हवं. उतरलं नाही तर पानं हाताने काढा आणि जाड मऊ वायर, टोक वळवून, अलगद घालून बघा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतली नळी जोडावरून सुटली तर ती परत बसवायला डॅशबोर्डपर्यंत जावं लागतं. सनरूफ असेल तर तिच्या नळ्याही पुढच्या बाजूला खाली उतरतात. त्या घरी खेळण्याच्या नाहीत, सर्व्हिस सेंटरला द्या.

रनिंग बोर्डाच्या खालच्या कडेला बारीक भोकं किंवा चिरा असतात. त्यातली माती टूथपिकने काढा. खालून पाणी टपकलं तर तेच तुंबलं होतं.

५. क्लिपा आणि लटकलेलं लायनर

लायनरच्या कडेला काळ्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि काही स्क्रू असतात, एका चाकाला साधारण ८ ते १५. त्यातल्या दोन गेल्या की लायनर सुटतं, फटीतून चिखल मागे जातो आणि वळताना टायर घासतो. टायरने लायनरला भोक पाडलेलंही दिसतं. प्रत्येक क्लिप बोटाने हलवून बघा. हलली तर बदला. एकेक क्लिप चहाच्या कपाएवढ्या किमतीत मिळते, पण भोकाच्या मापाची घ्या. जुनी क्लिप दुकानात सोबत न्या.

क्लिपच्या जागी पत्र्यात स्क्रू ठोकून देणं हा गॅरेजमधला आवडता जुगाड. भोकाच्या कडेचा रंग उडतो, तिथूनच गंज सुरू होतो, आणि स्क्रूचं टोक मागच्या वायरिंगला लागू शकतं. तात्पुरतं भागवायचंच असेल तर केबल टाय वापरा.

६. चाक आणि लायनर काढणं

बोट अजूनही थरात रुततंय, किंवा पाणी कितीही सोडलं तरी गढूळच येतंय, तर चिखल लायनरमागे आहे. तो बाहेरून निघत नाही.

लागतं काय: व्हील पाना, जॅक, एक जॅक स्टँड, पसरट स्क्रूड्रायव्हर, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, काही गाड्यांत ताऱ्याच्या आकाराचा टी-२० बिट. जमीन सपाट आणि कडक हवी. अंगणात माती असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा. नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. जॅक रनिंग बोर्डाच्या कडेला असलेल्या दोन खाचांच्या मध्येच लावा, दुसरीकडे पत्रा दबतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललं की गिअरचा भरवसा संपतो. डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे, हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं. गाडीला धरून ठेवतो तो फक्त मागचा हँडब्रेक, म्हणून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडीबरोबर आलेला जॅक टायर बदलण्यापुरता असतो, त्याच्यावर भरवसा ठेवून काम करू नका. स्टँड लावा आणि काढलेलं चाक रनिंग बोर्डाखाली आडवं सरकवा. गाडीखाली डोकं किंवा धड घालायचं नाही, फक्त हात आत घालायचे.

आता क्लिपा. मोबाइलवर आधी फोटो काढा, कुठे स्क्रू आणि कुठे क्लिप हे नंतर आठवत नाही. क्लिपा दोन जातीच्या असतात. एकीत मधली खिळी पसरट स्क्रूड्रायव्हरने वर उचलायची आणि मग क्लिप ओढायची. दुसरीत मधला भाग दोन-तीन मिलिमीटर आत दाबायचा. जास्त दाबला तर तो आत पडतो आणि क्लिप गेली. जुनं प्लास्टिक थंडीत तडकतं, म्हणून दुपारच्या उबेत हे काम बरं. सगळं एका ताटलीत ठेवा. लायनर एकदम ओढू नका. बंपरच्या कडेखाली आणि रनिंग बोर्डाच्या पट्टीखाली अडकवलेलं असतं, थोडं वाकवून सोडवा.

आत बघण्यासारखं बरंच असतं. पुढच्या बाजूला वायपरच्या पाण्याची टाकी, हॉर्न, वायरिंग. मागच्या एका बाजूला पेट्रोल भरायची नळी. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, लायनर परत लावा आणि मेकॅनिकला बोलवा. सुकी गवताची काडी, कापसाचे बोळे, कुरतडलेली वायर दिसली तर उंदरांचं घर आहे. घरटं काढा, पण वायरींना टेप गुंडाळून विषय संपवू नका. इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

खोबणीतला थर लाकडी पट्टीने खाली ओढा. पुढच्या एका चाकामागून अर्धी-पाऊण बादली माती निघाली तर आश्चर्य नाही. मग फक्त हलकं पाणी, प्रेशर नको, कारण आतले जोड उघडे आहेत. लायनर जमिनीवर वेगळं धुवा, दोन्ही बाजूंनी.

याच वेळी नजर टाकायच्या चार गोष्टी. रिमच्या आतल्या बाजूला आणि लायनरवर काळ्या ग्रीसची गोल रेघ: ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलाय. लवकर कळलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं. वळताना 'कट-कट' ऐकू येईपर्यंत थांबलात तर सांधा बदलावा लागतो. शॉकअपवर तेलाचा ओला ओघळ: शॉकअप गेला. ब्रेकच्या लवचीक पाइपवर चिरा किंवा ओल, आणि बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइल कमी: गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. धुतल्यावर एबीएसचा दिवा लागला: जोडात पाणी गेलंय. दिवसभर सुकू द्या, तरी दिवा राहिला तर वर्कशॉप.

७. गंज

पत्रा पूर्ण सुकल्यावरच बघा. रंगाखालचा फुगा पहिल्यांदा बाहेरून दिसत असला तरी गंज आतून आलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फुग्याभोवती हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. 'थप्प' असा बसका आवाज आला तर नाही. टोकाने जरा दाबून बघा, रुतलं तर थांबा.

वरवरचा गंज घरी होतो. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा आणि नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकता पत्रा दिसेपर्यंत. चारी बाजूंनी एक इंच चांगल्या रंगापर्यंत न्या. खड्ड्यात उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा. टॅनिक आम्लाचं असेल तर ते गंजाला निळसर काळ्या थरात बदलतं. डब्यावर लिहिलेला वेळ द्या. त्यानंतर इपॉक्सी किंवा झिंकचा प्रायमर, दोन पातळ हात, आणि सुकल्यावर अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावर मारायचा जाड काळा संरक्षक थर. एकच जाड हात दिला तर वरून सुकतो आणि आत ओला राहतो.

ओल्या किंवा मातीच्या पत्र्यावर अंडरकोटिंग मारणं न मारण्यापेक्षा वाईट. खाली कोंडलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि वरून पत्रा छान काळा दिसत राहतो. दोन वर्षांनी कोटिंगची पापडी निघते तेव्हा पत्रा चाळणी झालेला असतो. म्हणून धुतल्यानंतर कोरड्या दिवशी किमान २४ तास थांबा. भर पावसात हे काम काढू नका, ऑक्टोबरच्या उन्हात होऊ द्या. डिस्क, ब्रेक, शॉकअप, रबरी बूट, सेन्सर, सायलेन्सर आणि पाणी जायची भोकं वर्तमानपत्र आणि मास्किंग टेपने झाकूनच फवारा मारा. दुमडीच्या आत कोटिंगपेक्षा कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागेत मारायचं मेण) बरं, ते फटीत शिरतं आणि तडकत नाही.

भोक पडलं असेल, फुगा दुमडीवरून बाहेरच्या पत्र्यावर पसरला असेल, किंवा गंज रनिंग बोर्डाच्या जोडाला, जॅकच्या खाचेला, शॉकअपच्या वरच्या बैठकीला लागला असेल, तर डेंटरकडे जा. या जागा गाडीचं वजन पेलतात. तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करायला हवा.

परत लावताना

लायनर सुकलं की हवं तर पाण्यावर आधारित प्लास्टिक ड्रेसिंग स्पंजवर घेऊन पातळ पुसा, एका चाकाला १५-२० मिली खूप झालं. सरळ फवारा मारू नका, डिस्कवर जातं. तेलकट, चमचमीत पॉलिश टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर नको.

चाकाचे नट आधी हाताने, तिरपे समोरासमोर क्रमाने. गाडी खाली उतरवूनच शेवटचा कस द्या. किती जोराने, ते गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल तर जवळच्या टायरवाल्याकडून तपासून घ्या. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.

गाडी कोरड्या फरशीवर उभी करा आणि सकाळी बघा. निवळ पाण्याचे चार थेंब चालतील. अजून तांबडं दिसलं तर कुठल्या चाकामागे ते खूण करून ठेवा. बहुधा त्या बाजूचं लायनर काढायचं राहिलेलं असतं, किंवा ते पाणी बॉनेटच्या जाळीतून वरून उतरत असतं.